ऑफिसात दिवसभर पायात काय? सपाट चपला-बुटांचे अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव – विमा कार्यालय

आमच्याकडे नव्याने लागलेल्या दोघी मुलींनी विचारलं, "अक्का, हील नको. पण घरातल्या चपलेवर उठून आल्यासारखंही दिसायला नको. मग घ्यायचं काय?" दुकानातल्या काचेकडे बघून याचं उत्तर सापडत नाही. आपल्याकडचं पायताण नुसतं ऑफिसात बसत नाही. ते गर्दीच्या बसमध्ये उभं राहतं, स्कूटीवरून खाली टेकतं, पावसाळ्यात खानापूरकडच्या लाल चिखलातून जातं आणि शेवटी गुळगुळीत फरशीवर पोचतं. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, सगळीकडच्यांनी लिहा. काम काय, जाता-येता कसं, साडी की ड्रेस की पँट, आणि पायाला काय मानवलं, तेवढं सांगा. पुरुषांनीही लिहायचं आहे.

माझं आधी सांगते. फ्लॅट म्हणजे पातळ नव्हे. अगदी पातळ तळाच्या बेली (पुढून बंद, वरून उघडे सपाट बूट) साडीखाली सुंदर दिसतात, पण त्या घालून खडेबाजार ते रामदेव गल्ली चालत गेलं की रस्त्यातला प्रत्येक खडा तळव्याला कळतो. टाचेखाली दोन-अडीच सेंटीमीटर उंची आणि पुढे बोटांखालीही जाड तळ असलेला काळा लोफर मी वर्षभर वापरते. खरेदी ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळीच करते. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. सकाळी बरोबर बसलेला बूट चार वाजता आवळायला लागतो. दोन्ही पायांत घालून बघायचा आणि जो पाय मोठा असेल त्याच्या मापाचा घ्यायचा.

खानापूर – बँक, रोज बेळगावला ये-जा

अक्का, बसचं बरोबर बोललात. 11 जून 2023 ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातल्या राज्यात आम्हा बायकांचा प्रवास फुकट झाला. पैसे वाचतात हे खरं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी त्यामुळेच कामासाठी बाहेर पडल्या. पण सकाळच्या गाडीला बसायला जागा मिळेलच असं नाही. उभ्याने जायचं म्हणजे दुसऱ्याचा बूट आपल्या बोटांवर येणारच. म्हणून पुढून उघडी सँडल मी बसला घालत नाही. पुढून बंद, मागून पट्टा, पट्ट्याला बक्कल नाहीतर वेल्क्रो. मागे पट्टा नसलेलं पायताण गाडीच्या पायरीवर सटकतं आणि ते धरून ठेवायला बोटं दिवसभर आखडून राहतात.

पावसाळ्यात मात्र चामडं बंद. रबरी किंवा पीव्हीसीच्या बेली मिळतात, लांबून बघितलं तर लोफरच वाटतात. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने येणाऱ्या आमच्या सहकारी तर पावसाचं पायताण वेगळं आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधलं वेगळं, असंच करतात. ड्रॉवरमधल्या जोडीसोबत एक जुना टॉवेल ठेवायचा. ओल्या पायाने बंद बूट घातला तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पाय कोरडे करणं बुटाच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं.

निपाणी – पतसंस्था

मी दिवसभर काउंटरला उभारलेली असतो. आमच्याकडं बायकासुद्धा "मी जातो, येतो" बोलतात, तसंच लिहितो. उभारायचं काम असलं की पायताणाचं वजन बगा. जड असलं की संध्याकाळी पिंढऱ्या भरून येतात. हलकं, पुढं रुंद, आतला तळ दाबला की परत वर येणारं. रंग काळा न्हाईतर टॅन, सगळ्या साड्यांवर चालतो. बाकी काय विशेष न्हाई.

शहापूर, बेळगाव – फिजिओथेरपिस्ट

टाच दुखते म्हणून येणाऱ्यांत दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षिका, नर्स आणि दुकानातल्या मुली भरपूर असतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ, चार पावलं चालल्यावर कमी, असं असेल तर बहुतेक वेळा तळव्याखालचा जाड पट्टा ताणलेला असतो. हा पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो. पातळ, लुळ्या तळाच्या चपलेत त्याला आधार मिळत नाही. म्हणून सपाट पायताणाला मी वाईट म्हणणार नाही, आधार नसलेल्याला म्हणेन.

दुकानात बूट हातात घेऊन पुढून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. कपडे पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तर तो पावलाला सावरणार नाही. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबा, ती चटकन आत बसता कामा नये. आणि सर्वात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळं हवं. हे सर्वात लांब बोट काहींचा अंगठा असतो, काहींचं दुसरं बोट, ते बघून घ्या.

रुंदीकडे मात्र फारच कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते आपल्या भागात तीच खरी अडचण आहे. शेतात, अंगणात अनवाणी वाढलेल्या माणसाची बोटं मोकळी पसरलेली असतात. ती टोकदार बुटात कोंबली की अंगठ्याच्या मुळाशी हाड वर यायला लागतं, करंगळीवर घट्टे पडतात. घरी कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा, तो आकार कापा आणि खरेदीला जाताना सोबत न्या. बुटावर ठेवला आणि कागद बाजूंनी बाहेर आला तर तो बूट तुमचा नाही, एक नंबर मोठा घेऊनही नाही. लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सुटत नाही, टाच मात्र निसटायला लागते.

ओला पाय कडप्पावर उमटवून बघा. पूर्ण पाऊल उमटलं तर कमान सपाट असण्याची शक्यता जास्त. अशांना आतून कमानीला उचल देणारा इनसोल बरा पडतो. तो घालायचा विचार असेल तर आतला तळ काढता येणारा बूट घ्या. आणि टाच आधीच दुखत असेल तर घरातल्या फरशीवर अनवाणी फिरू नका, पोटऱ्या ताणायचे व्यायाम करा, पाण्याची गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवा. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवून घ्या.

अथणी तालुका – कॉलेजात मराठीची प्राध्यापिका

कोल्हापुरीचं नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून मी लिहिते. नाव कोल्हापूरचं असलं तरी ही चप्पल आमचीही आहे. अथणी, निपाणी, मदभावी इथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती बनवत आले आहेत. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने त्याच घाटाच्या चपला दाखवल्या, तेव्हा जगभर चर्चा झाली. मला त्या चर्चेपेक्षा एक गोष्ट मोलाची वाटते. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचं, तळ वादीने शिवायचा, वरची वेणी हाताने घालायची, आणि या कामात घरातल्या बायकांचे हात मोठ्या प्रमाणावर असतात. आपण ऑफिसला कोल्हापुरी घालतो तेव्हा त्या हातांना काम मिळतं. म्हणून मी ती आग्रहाने घालते आणि विद्यार्थिनींनाही सांगते.

आता घालायची कशी. नवी कोल्हापुरी कडक असते, अंगठ्याशी आणि कानाशी (बाजूच्या चामडी पाकळीशी) चावते. आतल्या बाजूने पट्ट्यांना खोबरेल किंवा एरंडेल चोळून रात्रभर ठेवायची, मग आधी घरात थोडा थोडा वेळ वापरायची. चामडं पायाच्या आकाराने बसतं आणि मग ती दुसऱ्या कुणाच्या पायात नीट बसत नाही. ऑफिससाठी साधी, बिनगोंड्याची, सपाट वेणीची घ्यावी. करकर वाजणारी वर्गात आणि मीटिंगमध्ये नको, घेतानाच न वाजणारी मागता येते. अंगठा असलेली पायात पक्की राहते, नुसत्या पट्ट्याची जिना उतरताना सुटते. चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो, त्याला खालून पातळ रबर लावून घ्यावं. चप्पल शिवणारे काका ते काम करून देतात.

इरकल साडीवर टॅन कोल्हापुरी मला सर्वात शोभून दिसते. खादीचा कुर्ता आणि सरळ पँट असली तरी छान. पण पाऊस सुरू झाला की ती कपाटात. भिजली तर उन्हात किंवा चुलीपाशी ठेवायची नाही, चामडं तडकतं. सावलीत वाऱ्यावर वाळवून मग तेल. आणि वरच्या फिजिओ ताईंचं म्हणणं मला पटतं: टाच दुखणाऱ्याने रोज कोल्हापुरी घालू नये, तिच्यात उशी नसते.

उद्यमबाग, बेळगाव – फौंड्रीच्या हिशेब खात्यात

ऑफिस वेगळं, शॉप म्हणजे कारखान्यातली कामाची जागा वेगळी, पण सही घ्यायला, स्टॉक मोजायला आत जावंच लागतं. आत सेफ्टी बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग ती क्लार्क असो वा मॅनेजर. आयएसआय मार्क असलेले बायकांच्या मापाचे बूट मागून घ्या, पुरुषांचा छोटा नंबर कापूस कोंबून घालू नका. टेबलाशी मी मऊ लोफर घालते आणि शॉपमध्ये जाताना बदलते.

वडगाव, बेळगाव – शिवणकाम, आधी ऑफिसात नोकरी

कपड्याची लांबी पायताणावर ठरते, आणि फ्लॅट चांगलं दिसत नाही असं म्हणणाऱ्यांची अडचण पुष्कळदा तिथेच असते. हीलच्या मापाने कापलेली पँट फ्लॅटवर घातली की टाचेखाली गोळा होते, माणूस बुटका आणि अजागळ दिसतो. माप द्यायला येताना ऑफिसचं पायताण पायात घालूनच या. लोफरवर पँट घोट्याच्या जरा वर संपलेली बरी, घोटा दिसला की पाय लांब वाटतो. पलाझो फ्लॅटवर जमिनीपासून बोटभर वर ठेवा, नाहीतर पावसात कडा चिखलाने भरते.

साडीचं तेच. हीलवर नेसायची सवय असेल तर फ्लॅटवर निऱ्या थोड्या वर खोचाव्या लागतात. फॉलची कडा पायाच्या वरच्या भागाला टेकली पाहिजे, जमिनीला नव्हे. पायताण फार झगमगीत असेल तर निऱ्यांच्या खालून सारखं तेच दिसत राहतं. किंचित निमुळता पुढचा भाग पोशाखाला ऑफिसचा नेटकेपणा देतो, पण निमुळता बोटांच्या पुढे हवा, बोटांवर नको. रंगात एक युक्ती सांगते: पायाच्या त्वचेच्या जवळचा तपकिरी किंवा बेज रंग घेतला तर कुर्ता-लेगिंगवर पाय तुटक दिसत नाही. काळा मी गडद पँटसाठी ठेवते. लोफरमध्ये न दिसणारे छोटे मोजे जरूर घाला, घाम शोषला जातो आणि बूट टिकतो.

चिकोडी – वकील

कोर्टात काळाच बूट लागतो, त्यामुळे रंगाचा विचार करायचं कारण नाही. लेसवाला, रबरी तळाचा, पुढून गोल. एकच जोड रोज घालू नये, दोन ठेवून आलटून पालटून वापरावेत. आतला घाम सुकायला दिवस जातो.

हुक्केरी – निवृत्तीला आलेले पंचायत कर्मचारी

मधुमेह असणाऱ्यांसाठी लिहितो, कारण ऑफिसात आमच्यासारखे आता खूप आहेत. पायाची संवेदना कमी झाली की खडा टोचलेला कळत नाही. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, रोज. पुढून बंद, रुंद, आतून शिवण न टोचणारा. एमसीआरच्या (एक प्रकारचं मऊ रबर) तळाचं पायताण मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्यावं. मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे, म्हणजे रक्ताचा डाग पडला तर लगेच दिसतो. नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घालून पाऊल तपासायचं. देवळात दुपारच्या उन्हात फरशी तापलेली असते, तिथे अनवाणी जाताना जपा.

बेळगाव – सरकारी कर्मचारी, अधिवेशनाच्या कामावर

हिवाळी अधिवेशनात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, दिवसभर फायली घेऊन चालावं लागतं. लांबच लांब गुळगुळीत फरशी, त्यावर पाणी सांडलेलं असलं तर नव्या बुटाचा तळ निसटतो. नक्षीदार खाचा असलेला रबरी तळ बघून घेते. नवा असेल तर आधी डांबरी रस्त्यावर थोडा चालवून तळाची चकाकी घालवते.

प्राध्यापक ताई, कोल्हापुरीच्या तळाला रबर लावायचं म्हणालात ते चिकटवून की शिवून? बेळगावात चांगलं काम कुठल्या गल्लीत होतं, ठाऊक असेल तर सांगा.

अथणी तालुका – कॉलेजात मराठीची प्राध्यापिका

चिकटवून वर कडेने टाके घालायला सांगा, नुसतं चिकटवलेलं उन्हाळ्यात सुटतं. बेळगावातलं इथल्याच कुणीतरी सांगावं, मी अथणीतच करून घेते.