मदत हवी आहे: रस्त्यावर जखमी किंवा मेलेला वन्यप्राणी दिसला, तर माणसं येईपर्यंत काय करायचं?

धागाकर्ती: निवडुंग

नमस्कार मंडळी,

माझा रोजचा रस्ता बराचसा जंगलाला लागून जातो. कामावरून परतताना अंधार पडतो आणि रानातल्या जनावरांची बाहेर पडायची वेळही तीच. त्यामुळे गाडीखाली आलेलं काही ना काही दिसतच राहतं. मुंगूस, धामण, उदमांजर, खोकड, पहिल्या पावसात तर बेडकांचा नुसता खच. पुढे जाववत नाही, आणि थांबलं तर नेमकं काय करावं ते कळत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय, म्हणून धागा काढतेय.

‘वनविभागाला फोन करा’ हे ठाऊक आहे, आणि मी करतेही. माझा प्रश्न फोन झाल्यानंतरच्या वेळाचा आहे. माणसं लांबून यायची असतात. तोवर त्या जिवाजवळ आपणच असतो, आणि त्या वेळात आपल्या हातून काय होतं, काय होत नाही, यावर त्याचं बरंच काही ठरतं.

मध्यंतरी एक गव्हाणी घुबड रस्त्याच्या मधोमध बसलेलं होतं. हेडलाइटचा झोत अंगावर पडला तरी हलेना. जवळ गेले तर एक पंख जमिनीला टेकलेला, एक डोळा टक्क उघडा, दुसरा अर्धवट मिटलेला, आणि चोच उघडी ठेवून धापा टाकत होतं. ओढणी टाकून अलगद उचललं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि फोन केला. तोवर चार लोक जमले. एक म्हणे पाणी पाजा, दुसरा म्हणे दूध द्या, तिसरा मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढतोय. सगळ्यांना मनापासून मदत करायची होती, आणि यातलं काय त्याच्या भल्याचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मी खोक्याचं झाकण लावून बसले.

खोक्यात मावणाऱ्यांचं एक वेळ ठीक आहे. चितळ किंवा भेकर असेल तर? उठायची धडपड करतंय, मान आपटतंय, मागून ट्रक येताहेत. धरून ठेवावं की लांब राहावं? धडक बसूनही उठून झाडीत निघून जातात, त्यांच्यामागे जावं का? आणि कंबरेतून मोडलेलं जनावर पाहून लोक म्हणतात, ‘सोडवा एकदाचं त्याला.’ हा निर्णय घ्यायचा कुणी?

मेलेल्या जनावरांबद्दल मला याहून जास्त विचारायचंय, कारण त्यावर कुणी बोलतच नाही. संध्याकाळी एका वळणावर ससा मेलेला दिसला होता. सकाळी पाहते तर त्याच्याच शेजारी खोकड मरून पडलेलं. सशाला खायला आलं असणार आणि तेही चिरडलं. म्हणजे मेलेलं जनावर रस्त्यातून बाजूला केलं नाही, तर ते पुढच्याचा जीव घेतं. पण हात लावला तर रोगराईची भीती, आणि कायद्याचं काय तेही नीट माहीत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद: गोखरू

मी पशुवैद्य आहे, वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात काम करतो. निवडुंगताई, खोक्याचं झाकण लावलंत हाच त्या वेळचा सर्वांत मोठा उपचार होता. अंधार, शांतता आणि हवा यायला भोकं. एवढं झालं की पक्ष्याचं निम्मं काम झालं. धडकेने घुबडाच्या डोक्याला मार बसलेला असतो, म्हणून दोन डोळे वेगवेगळे दिसतात. फोनवर हे आवर्जून सांगा.

पाणी अजिबात पाजू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं, चोचीत सोडलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. अर्धवट शुद्धीतल्या कुठल्याही प्राण्याचं हेच. गाईच्या दुधाने तर हगवण लागते, आणि आधीच कोलमडलेल्या शरीरातलं उरलंसुरलं पाणी निघून जातं. कुरवाळणंही नको. कुत्र्याला आपला हात धीर देतो. रानातल्या जनावराला तो शिकाऱ्याचा हात वाटतो. ते गप्प पडून राहतं ते शांत झालं म्हणून नव्हे, भीतीने थिजलं म्हणून.

हरणांच्या बाबतीत ही भीतीच जीव घेते. पकडापकडी, आरडाओरडा, पाय बांधणं यांच्या ताणाने त्यांचे स्नायू आतून फुटायला लागतात आणि त्यातून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडांवर आणि हृदयावर येतात. जखम किरकोळ असते आणि जनावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी दगावतं. म्हणून चितळाला धरू नका. वाहतूक थांबवा, लोकांना मागे घ्या, हेडलाइट बंद करायला सांगा. खुरांच्या आणि शिंगांच्या टप्प्यात न जाता जमलं तर मागच्या बाजूने डोळ्यांवर कापड टाका. उठून जात असेल तर वाट मोकळी ठेवा.

बिबट्या, अस्वल, रानडुक्कर असेल तर गाडीतून उतरूच नका. माकड असेल तर कळप आसपास असतो, तो अंगावर येतो. साप चिरडलेला दिसला तरी हात नको. घोणस, नाग मेल्यानंतरही काही वेळ त्यांचं डोकं प्रतिक्षिप्त क्रियेने चावा घेऊ शकतं, आणि विष तेवढंच असतं. कोल्हा, खोकड, मुंगूस माणसाला न घाबरता जवळ येत असेल तर ‘माणसाळलेलं’ समजू नका, आधी रेबीजची शंका घ्या. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ, काहीही झालं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज राहत नाही.

‘सोडवण्या’बद्दल. हा निर्णय वनविभागाच्या परवानगीने पशुवैद्यच घेतो, आणि ते योग्यच आहे. मेल्यासारखी पडलेली जनावरं तासाभराने उठून चालू लागलेली मी पाहिली आहेत. तुम्ही करू शकता ते असं: फोनवर ‘जखमी आहे’ एवढंच सांगू नका. ‘पुढचे पाय हलतात, मागचे फरफटत आहेत’ किंवा ‘श्वास चालू आहे पण डोळे मिटलेले आहेत’ असं सांगा. मग नुसता पिंजरा न येता डॉक्टर आणि औषधं सोबत येतात. वेदना कमी करायचा तोच सर्वांत जवळचा रस्ता आहे.

प्रतिसाद: लांबचा प्रवासी

गोखरू यांनी प्राण्याचं सांगितलं, मी माणसाचं सांगतो. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबू नका. पुढे सरळ जागेत साइडपट्टीच्या बाहेर गाडी घ्या, चारी इंडिकेटर चालू करा, चमकणारं जाकीट असेल तर घाला. मागून येणाऱ्या गाड्यांना टॉर्चने इशारा द्यायला एक माणूस लांब उभा करा. एकटे असाल आणि गाड्या भरधाव जात असतील तर रस्त्यात उतरू नका, फोन करून जागा नीट सांगा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावला तर गस्तीची गाडी येऊन वाहतूक अडवते.

प्रतिसाद: सागरगोटा

कायद्याचं लिहितो. भारतातल्या वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 39 नुसार वन्यप्राणी मेलेला सापडला तरी ती सरकारी मालमत्ता असते. ती ताब्यात घेतली तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. जखमी पक्षी खोक्यात घालून घरी नेलात तरी लगेच कळवा. दोन दिवस पाळून बघू, असं करू नका. साळिंदराचे काटे, नखं, दात, कातडं यातलं काहीही आठवण म्हणून उचलू नका.

बिबट्या, वाघ, अस्वल अशा मोठ्या प्राण्याचं शव जागचं हलवू नका. पंचनामा आणि शवविच्छेदन व्हायचं असतं, आणि मृत्यू खरोखर गाडीनेच झाला का हे त्यातूनच कळतं. गळ्यात रेडिओ कॉलर किंवा पक्ष्याच्या पायात कडी दिसली तर तिच्यावरचा क्रमांक टिपून कळवा.

ससा, मुंगूस, उदमांजर, पक्षी यांच्याबाबत आधी फोन करून ‘बाजूला करू का’ असं विचारा. हो म्हणाले तर फावड्याने किंवा काठीने सरकवा. दुसरं काही नसेल तर हातमोजा, नाहीतर पिशवी उलटी हातात घालून उचला. पण साइडपट्टीवर टाकू नका, तिथे टाकणं म्हणजे न टाकल्यासारखंच. झाडीत चांगलं आत न्या. गिधाडासारख्या जड पक्ष्याला उडायला आधी धावावं लागतं, रस्त्यालगत खात असेल तर तो गाडीच्या आधी उठू शकत नाही. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर मात्र स्पर्शही न करता कळवा, कारण तो अपघात नसून रोग किंवा विषबाधा असू शकते.

आणि हलवण्याआधी फोटो घ्या, जागेच्या नोंदीसह. एकट्यादुकट्या फोटोने काही होत नाही. पण एकाच पट्ट्यात वर्षभर नोंदी साचल्या की जनावरं नेमकी कुठून ओलांडतात ते दिसतं. भुयारी मार्ग कुठे हवा हे अशाच नोंदींवरून मांडता येतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून 9 वाटा काढल्या आहेत, त्यातली सर्वांत लांब 750 मीटर आहे, आणि तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यात आले आहेत. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात रस्त्याला कुंपण आणि प्राण्यांसाठी अशा वाटा व पूल केल्यावर वन्यप्राण्यांच्या धडका 80 टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. तुमच्या रस्त्यासाठी मागणी करायची असेल तर आजपासून नोंदी ठेवायला लागा, हे मी कळकळीने सांगतो.

प्रतिसाद: उंबरठा

झाडीत निघून गेलेल्या जनावराबद्दल. मी स्वीडनमध्ये राहते. इथे मूस, हरीण, रानडुक्कर, अस्वल अशा प्राण्यांना धडक बसली तर 112 वर कळवणं आणि धडकेची जागा खूण करून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, जनावर पळून गेलं तरीही. मग प्रशिक्षित लोक कुत्रे घेऊन त्याच खुणेपासून माग काढतात. आपण मागे जायचं नाही, कारण पाठलाग झाला की ते आणखी आत जातं आणि सापडत नाही. रक्त किंवा केस जिथे दिसले तिथल्या झाडाला फडकं बांधा आणि कुठल्या दिशेने गेलं ते लक्षात ठेवा.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. खुणेची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. आणखी एक विचारते. आई मेलेली आणि पिल्लू जिवंत, असं झालं तर?

प्रतिसाद: गोखरू

हे नेहमी तपासावं असंच आहे. ऑस्ट्रेलियात मेलेल्या कांगारूची पिशवी तपासायला सांगतात ते याचसाठी. पिल्लू आचळाला चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका, तोंडाला इजा होते. आईसकट कळवा. वटवाघळाचं असेल तर उघड्या हाताने मुळीच नाही. माकडाचं असेल तर लांबूनच थांबा, कळपातली दुसरी मादी उचलून नेऊ शकते. उदमांजर, खोकड अशा मादीचे सड भरलेले दिसले तर पिल्लं जवळपास बिळात किंवा ढोलीत असण्याची शक्यता मोठी. शोधायला आत शिरू नका, पण वनरक्षकाला हे नक्की सांगा.

उघडं पडलेलं पिल्लू हाताला गार लागत असेल तर आधी ऊब, खाणं नंतर, आणि तेही केंद्रातच. गार पडलेल्या पिल्लाला काही पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नकोसं झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. मधूनमधून हात लावून पाहत राहा. बाटली गार झाली की लगेच काढून घ्या, नाहीतर तीच त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते.