बॅकवॉश केला तरी फिल्टरचा काटा खाली येत नाही

आवासची ताई:
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ आवासला आमचं घर आहे, मागच्या अंगणात आठ बाय चार मीटरचा पोहायचा पूल. सँड फिल्टर आहे, वर पाण्याची वाट बदलणारा सहा खुणांचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. पूल बांधून सहा वर्षं झाली. पावसाळा संपल्यापासून पाणी हिरवट-गढूळ. पूर्वी फिल्टरचा दाबाचा काटा ०.८ किलोवर असायचा, आता दीडच्या पुढे असतो. बॅकवॉश केला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुतली, की १.३ वर येतो आणि लगेच पुन्हा चढतो. रिटर्नला, म्हणजे पुलात परत येणाऱ्या पाण्याला, जोर नाही. घर सांभाळणारे दादा रोज ब्लीचिंग पावडर टाकतात, अधूनमधून टीसीसीए हे क्लोरीनचं दुसरं औषधसुद्धा. पूलवाला म्हणतो अख्खा फिल्टरच बदला. खरंच बदलावा लागेल का? दिवाळीत भाचरं येणार आहेत.

पाणीवाला, लोणावळा:
ताई, आधी जिवाचं बोलतो. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए एकमेकांच्या जवळसुद्धा ठेवू नका. एकच मग, एकच बादली दोन्हीला वापरली आणि ती ओली असली तर क्लोरीनचा गॅस सुटतो, भडका उडू शकतो. दादांना आजच फोन करा. दोन्हींपैकी एकच काय ते ठेवा आणि त्याच्यासाठी वेगळा मग घ्या.

आता फिल्टर. टाकी फुटलेली नाही, गळत नाही, मग बदलायची कशाला? तुमची वाळू बसली आहे. ब्लीचिंग पावडरमध्ये न विरघळणारा चुना असतो, तो वाळूत जाऊन बसतो. त्यात अंगाला खोबरेल, सनस्क्रीन लावून माणसं पाण्यात उतरतात. तेल आणि चुना मिळून वाळूची ढेकळं होतात. मग पाणी ढेकळांच्या कडेकडेने वाट काढतं, बॅकवॉशचं पाणीही त्याच वाटेने जातं आणि मळ जागच्या जागी राहतो. काटा १.३ च्या खाली येत नाही तो यामुळे. साधा मळ असता तर बॅकवॉशनंतर ०.८ च्या आसपास आला असता.

उघडून बघा. पंप बंद, एमसीबी खाली. पुलाकडून येणारा आणि पुलाकडे जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. वरचा एअर व्हॉल्व्ह सोडून दाब पूर्ण उतरू द्या, काटा शून्यावर आल्याशिवाय मल्टिपोर्ट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला हात लावू नका. मग खालचा प्लग काढून पाणी सोडा आणि मल्टिपोर्ट उचला. मधल्या उभ्या पाइपच्या तोंडाला लगेच प्लास्टिक बांधा, त्यात वाळू पडली तर ती थेट पुलात जाते. आता कोपरापर्यंत हात आत घाला. चांगली वाळू बोटांतून सुटी गळते. तुमच्याकडे हाताला चिकट थर लागेल, दाबला तर तुकडा पडेल.

तसं असेल तर वाळू बदला. एरवीही पाच-सात वर्षांनी ती बदलायचीच असते. जुनी वाळू काढताना फावडं वापरू नका, मगाने काढा. तळाला लॅटरल असतात, प्लास्टिकच्या बारीक चिरा असलेल्या नळ्या. एखादी मोडली तर पुलाच्या तळाशी रिटर्नसमोर वाळूची रांगोळी दिसायला लागते. नवी वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे वाळूचा मार लॅटरलवर बसत नाही.

न्यू जर्सीकर:
आमच्याकडे कार्ट्रिज फिल्टर आहे, वाळूऐवजी घड्या घातलेल्या कापडाचा. तो बागेच्या नळीने वरून खाली, घडीघडीतून धुते. प्रेशर वॉशर मारला की कापड फाटतं. तेलकट असेल तर आधी साबणासारख्या क्लीनरमध्ये भिजवायचा, ॲसिड नंतर. उलट केलं तर मळ घट्ट बसतो. ताई, हिरव्या पाण्याला तुरटी फिरवून बघितलीत का? आजी विहिरीच्या पाण्याला फिरवायची.

पाणीवाला, लोणावळा:
तुरटी चालते, पण फिल्टरमधून नाही. रात्री तुरटीचं पाणी पुलात पसरून पंप बंद ठेवायचा. सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढायचा आणि मल्टिपोर्ट ‘वेस्ट’वर ठेवून थेट बाहेर सोडायचा. ‘फिल्टर’वर ठेवलात तर नव्या वाळूचा सत्यानाश. आणि खूण बदलायची ती नेहमी पंप बंद करूनच. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं स्पायडर गॅस्केट, म्हणजे वाटा वेगळ्या ठेवणारं रबर, उखडतं, मग बॅकवॉशच्या पाइपातून पाणी गळत राहतं.

आवासची ताई:
उघडला! वर सुपारीएवढे गोळे, खाली पांढरट थर. मगाने काढायला अख्खा दिवस गेला. लॅटरल सगळे शाबूत आहेत. दादा म्हणतात समुद्र दोन मिनिटांवर आहे, तिथली वाळू धुऊन घालू. चालेल?

पाणीवाला, लोणावळा:
अजिबात नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे पुन्हा चुनाच. बांधकामाची वाळूही नको, तिचा कण सारखा नसतो. फिल्टरची सिलिका वाळू मागा, कण साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर. किती किलो लागते ते टाकीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. खाली खडीचा थर सांगितला असेल तर तोही द्या. मल्टिपोर्टच्या ओ-रिंगला व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

भरून झालं की आधी बॅकवॉश, मल्टिपोर्टच्या बघायच्या काचेत पाणी निवळेपर्यंत. मग अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’ (पाणी नेहमीच्या दिशेने, पण बाहेर), मगच ‘फिल्टर’. तेव्हा काटा कुठे थांबतो ते टाकीवर मार्करने लिहून ठेवा. तिथून अर्धा किलो चढला की बॅकवॉश, त्याआधी नाही. फार धुतलेली वाळूही नीट गाळत नाही. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, त्याच्या वर क्लोरीन टाकलेलं पुरेसं लागू पडत नाही. पाणी हिरवं आहे तोवर पंप रात्रंदिवस चालू ठेवा, मेलेलं शेवाळ फार बारीक असतं, गाळायला वेळ लागतो. तळ स्वच्छ दिसल्याशिवाय मुलांना उतरवू नका.

बॅकवॉशचा पाइप कुठे सोडला आहे तेही बघा. एका खेपेला चार-पाचशे लिटर क्लोरीनचं पाणी जातं, विहिरीजवळ किंवा सुपारीच्या आळ्यात नको.