'नसेला नस जोडतात' म्हणजे नेमकं काय जोडतात?

कोपरखैरणे
सासऱ्यांना डायलिसिस लागणार आहे. डॉक्टर म्हणाले, "डाव्या हातात नसेला नस जोडून फिस्टुला करू." तेव्हापासून मामांचं एकच, "बोटं बधिर होतील का गं?" कंबर धरली की आपण 'नस दबली' म्हणतो, तीच ही नस का?

नौपाडा, ठाणे
नाही. कंबरेत दबते ती चेता, म्हणजे मज्जातंतू. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी किंवा धमनी, परत आणणारी ती नीला. शाळेत हेच शिकवायचे मी. बोलताना मात्र सगळ्यालाच शीर नाहीतर नस. आखडतो तो स्नायू, तरी आपण 'शीर आखडली' म्हणतो.

घणसोली (डायलिसिस विभागात काम)
मामांचा प्रश्न रास्त आहे. कोपराच्या खोलगट भागात दंडाची रोहिणी दोन फाट्यांत विभागते. अंगठ्याच्या बाजूची रेडियल, करंगळीच्या बाजूची अल्नर. मनगटाला नाडी बघतो ती रेडियलची. फिस्टुलात बहुतेक वेळा हिलाच शेजारची सेफॅलिक नीला जोडतात. ही पद्धत ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली मांडली. रोहिणीच्या जोराचं रक्त शिरलं की नीला फुगते, तिची भिंत जाड होते, मग डायलिसिसच्या जाड सुया सोसते. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. हात लावला की थरथर जाणवते. ती रोज तपासायची.

तळहातात दोन्ही रोहिण्यांच्या कमानी असतात, म्हणून पंजाला अल्नरकडूनही रक्त मिळतं. ते आधी बघून घेतात. मूठ आवळायला लावून मनगटावर दोन्ही रोहिण्या दाबतात. मूठ उघडली की तळवा पांढराफटक दिसतो. मग फक्त अल्नर सोडतात आणि तो लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघतात.

तरीही काहींच्या बोटांना रक्त कमी पडतं. बोटं गार पडली, बधिर झाली, दुखली तर त्याच दिवशी कळवायचं.

माझं स्पष्ट मत आहे, पेशंटशी बोलताना नुसतं 'नस' म्हणू नये. रोहिणी-नीला जड वाटलं तर 'नाडीची रक्तवाहिनी' आणि 'सलाईन लावतो ती शीर' म्हणा. लगेच कळतं.

कोपरखैरणे
मामांना असंच सांगितलं. आता विचारतायत, रक्त तपासायला कुठला हात द्यायचा?

घणसोली
उजवा, तोही शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेतून. डाव्या हाताला आत्तापासूनच सुई, सलाईन नको. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा, घट्ट घड्याळ, बांगडी काही नको. रात्री त्या कुशीवरही झोपू देऊ नका.