हुशार मूल आपसूक वर येतं म्हणे!

सांगेकर:
काल रातांबा यांची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं म्हणून लिहितोय. म्हणणं काय, तर ‘गिफ्टेड बिफ्टेड, म्हणजे जन्मजात विलक्षण हुशार मूल वगैरे, ही शहरी पालकांची थेरं, खरा हुशार आपसूक वर येतो, आमच्या गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ माशेलकर बघा, रस्त्याच्या दिव्याखाली शिकले’. अहो मग गोष्ट पुरी सांगा ना! शाळेतल्या भावे सरांनी पोरांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला हे माशेलकर स्वतः किती वेळा सांगतात. १९६० ला बोर्डात अकरावे येऊनसुद्धा पैशांपायी शिक्षण सुटायची पाळी आलेली, टाटांच्या ट्रस्टचे महिना ६० रुपये मिळाले म्हणून टिकले. दिवा तर रस्त्यावर सगळ्यांनाच होता.

माझ्या वर्गात एक धनगराचा पोर होता. घरी म्हशी, कोणाकडे किती दूध, कोणाची किती बाकी, महिन्याचा हिशेब सगळा तोंडी. वर्गात मात्र मागचा बाक, कारण उत्तर बरोबर पण रीत लिहीत नसे, मास्तर म्हणायचे कॉपी केलीस. कॉपी करणार कोणाची, बाजूला मी बसायचो! मग त्याला पाणी आणायला पाठव, घंटा वाजवायला पाठव. आठवीनंतर सुटला. पुढे खाणीच्या ट्रकांवर होता, कुठल्या ट्रकाच्या किती ट्रिपा झाल्या ते मालकाच्या आधी सांगायचा. २०१२ ला खाणी बंद पडल्या, नंतर भेट नाही.

रातांबा:
एका पोरावरून सगळी शिक्षणव्यवस्था वाईट? केंद्र सरकारची नवोदय निवासी शाळा आहे की, एक वाळपईला, एक काणकोणला, ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना. आठवीला एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, पास झाला तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. दारं उघडी आहेत, आत जायचं ज्याने त्याने.

म्हापशाची आई:
दारं उघडी! नवोदयच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला पाचवीत एकदाच बसता येतं, फॉर्म निघालाय हे ज्याच्या घरी कळलंच नाही त्याचं दार तिथंच जवळजवळ बंद. एनएमएमएसला सातवीत ५५ टक्के लागतात, म्हणजे सांगेकरांचा तो रीत न लिहिणारा आधीच बाहेर. आणि एनटीएसई, ती राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा, २०२१ पासून बंद पडलीय ती पडलीच.
माझ्या मुलीचं सांगते. गणितं आधी संपायची, मग प्रश्न विचारायची, तर रिमार्क काय, ‘आगाऊ आहे’. टीचरने उपाय काढला, संपली की तीच गणितं परत लिही. दोन महिन्यांत पोरगी हळू लिहायला लागली. मी म्हटलं थकते बिचारी, नंतर कळलं मुद्दाम!!

निवृत्त मास्तर:
सगळं खापर आमच्याच डोक्यावर फोडा. पहिली ते चौथी एका खोलीत एकटा मास्तर, मधूनच माध्यान्ह आहाराची नोंद, निवडणूक आली की ड्युटी, आणि जे वाचूच शकत नाही ते पोर आधी की तुमचं ते विलक्षण? २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय खरं, अशा मुलांना शिक्षकांनी पुस्तकापलीकडचं द्यावं. कुठल्या तासाला द्यावं ते लिहायचं राहिलं बहुतेक. आणि हल्ली प्रत्येक आईला आपलं मूल आइनस्टाइनच वाटतं.

म्हापशाची आई:
मास्तर, मी आइनस्टाइन म्हटलं का कुठे?

पेडण्याचा पखवाजी:
मूळ दुखणं कोणी बोलत नाही. माध्यम! २०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं, २०१२ ला सरकार बदललं तरी थांबलं नाही, गावच्या मराठी शाळा रिकाम्या झाल्या. पोर घरी मराठी-कोंकणी बोलतो, शाळेत तोंड उघडत नाही, मग हुशारी दिसणार कशी? माझा पुतण्या भजनात एकदा ऐकलेला ठेका तसाच्या तसा वाजवतो, इंग्रजी शाळेत ‘ढ’.

रातांबा:
आला विषय माध्यमावर! पेडणेवाले, त्या पुतण्याला इंग्रजीत घातला कोणी, अनुदानाने की भावाने?

पेडण्याचा पखवाजी:
गावची शाळा बंद झाल्यावर घालणार कुठे? डोंगरावर?

म्हापशाची आई:
मी इंग्रजीतच घातली आणि लाज वाटत नाही. ज्या टीचरने तेच परत लिहायला लावलं ती मराठीतून शिकवत असती तरी तेच केलं असतं.

पेडण्याचा पखवाजी:
म्हणजे तुम्ही मराठी शाळा बंद पाडायला हातभार लावला हे कबूल.

सांगेकर:
अरे बाबांनो, माझा धनगराचा पोर मराठी शाळेतच होता! त्याचं काय?

रातांबा:
बरं, माशेलकर मागे घेतो, खूश? पण तुमची यादी करणार कोण? एकदा ‘गिफ्टेड’ची यादी निघाली की पहिल्या दहात सरपंचाचे दोन पोर आणि क्लासवाल्यांचे आठ. हे गोव्यात राहून तुम्हाला कळत नसेल तर नमस्कार.

सांगेकर:
यादी मागितली कोणी? उत्तर बरोबर आलं तर ‘कसं काढलंस’ एवढं विचारा, पुरे. त्याला वेगळा तास लागत नाही.

निवृत्त मास्तर:
दोन दिवस इथं लिहिणार नव्हतो. सांगेकर, रीत न लिहिणारा एक माझ्याकडेपण होता, तुमच्या भागातला नव्हे. घंटेचं काम मीपण त्यालाच दिलेलं. मला वाटायचं मान देतोय. ‘कसं काढलंस’ विचारलेलं मात्र आठवत नाही. पण चार वर्ग एका खोलीत हे माझं म्हणणं कायम आहे.

पेडण्याचा पखवाजी:
मास्तर, ते ठीक, पण माध्यमाबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत.