विंटर प्लॅन नोव्हेंबरात वाचून कौन्सिलवाले नक्की करतात काय?

टेम्सकाठचा:
काल संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा इथे इंग्लंडात आमच्या कौन्सिलच्या (म्हणजे इथली महापालिका) हेल्थ स्क्रुटिनी कमिटीची, म्हणजे आरोग्यसेवेला प्रश्न विचारणाऱ्या कौन्सिलरांच्या समितीची, मीटिंग बघायला गेलो. बायको म्हणाली, तुला दुसरे उद्योग नाहीत का. पब्लिकसाठी वीसेक खुर्च्या, बसलेले आम्ही तिघं, त्यातला एक बहुतेक हीटरच्या उबेला आलेला.

अजेंड्यावर दोन मोठे विषय. एक विंटर प्लॅन, म्हणजे थंडीत फ्लू, ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग), बेड, अँब्युलन्स हे सगळं कसं सांभाळणार. दुसरा सेफगार्डिंग अॅडल्ट्स बोर्डाचा वार्षिक रिपोर्ट, म्हणजे म्हातारी, आजारी, अपंग माणसं ज्यांना स्वतःला सांभाळता येत नाही त्यांचा छळ, हेळसांड, पैशाची लुबाडणूक वगैरे. पहिल्यावर पन्नास मिनिटं, दुसऱ्यावर बारा, आणि दोन्हीच्या शेवटी 'नोटेड', म्हणजे नोंद घेतली. आपल्याकडे सत्यनारायणाला यजमान मधूनमधून मम म्हणतो तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अहो ही माणसं तीच आहेत ना! चौऱ्याऐंशीची बाई, एकटी राहणारी, बेड मोकळा करायचा म्हणून डिसेंबरात तिला घरी पाठवली, घर गार, फ्रीज रिकामा, केअरर (घरी येऊन काळजी घेणारा) अजून ठरायचाय. विंटर प्लॅनमध्ये ती 'वेळेत डिस्चार्ज' म्हणून जमेला आणि तीन आठवड्यांनी सेफगार्डिंगच्या रिपोर्टात 'नेग्लेक्ट' म्हणून खर्चाला. एकाही कौन्सिलरने हे दोन कागद शेजारी ठेवून प्रश्न विचारला नाही. आणि मुळात प्लॅन नोव्हेंबरात आणायचा म्हणजे वरातीमागून घोडं, जुलैत आणा की, काहीतरी बदलता तरी येईल.

हिशेबनीस:
भाऊ, उत्साह चांगला आहे पण ही कमिटी म्हणजे नुसतं नाटक. निर्णय कौन्सिलची कॅबिनेट घेणार, कमिटी फक्त शिफारस करणार, आणि एनएचएसने (सरकारी आरोग्यसेवेने) ती ऐकलीच पाहिजे असं काही नाही. हॉस्पिटलच्या मोठ्या बदलाविरुद्ध थेट आरोग्यमंत्र्यांकडे प्रकरण पाठवायचा एक अधिकार होता, तोही 31 जानेवारी 2024 पासून गेला. आता पत्र लिहून विनंती करायची, बघू म्हणाले तर बघू.

खरा प्रश्न पैशाचा आहे. ज्याच्याकडे 23,250 पौंडांपेक्षा जास्त पुंजी आहे त्याने केअरचा खर्च स्वतः करायचा ही मर्यादा 2010 पासून तिथेच आहे, महागाई कुठल्या कुठे गेली. बर्मिंगहॅमने सप्टेंबर 2023 मध्ये सेक्शन 114, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत अशी नोटीस, काढून हात वर केले, त्याआधी क्रॉयडन, स्लाव या कौन्सिलांनी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ए अँड ईमध्ये शंभरातल्या 95 लोकांना चार तासांत मोकळं करायचं हे टार्गेट इंग्लंडभरात शेवटचं गाठलं जुलै 2015 मध्ये. त्यानंतर अशा किती मीटिंगा झाल्या असतील हो, आकडा हलला का?

टेम्सकाठचा:
पैसा नाही हे मान्य, पण प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. मिड स्टॅफर्डशायरचं हॉस्पिटल प्रकरण आठवतंय का? त्याच्या चौकशीचा 2013 चा फ्रान्सिस रिपोर्ट काढून बघा, पेशंटचे एवढे हाल झाले त्याच्या दोषाच्या यादीत तिथल्या कौन्सिलच्या स्क्रुटिनी कमिट्या पण आहेत. हॉस्पिटलवाले सगळं ठीक चाललंय म्हणाले, यांनी मान डोलावली.

आणि ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू हे खासगी हॉस्पिटल. 2011 मध्ये बीबीसीने छुपा कॅमेरा नेला तेव्हा लर्निंग डिसेबिलिटी (बौद्धिक अक्षमता) असलेल्या पेशंटना कसं मारत होते ते बाहेर आलं. नंतरच्या चौकशीत काय निघालं, तर तीनेक वर्षांत कौन्सिलकडे 40 सेफगार्डिंग अलर्ट (छळाच्या संशयाच्या सूचना) आले होते, तिथले पेशंट सत्तरच्या वर वेळा ए अँड ईला नेले होते. प्रत्येक अलर्ट सुटा बघितला, बेरीज कुणी केली नाही. मी नेमकं हेच म्हणतोय, ही बेरीज करायचं काम कमिटीचं आहे, त्याला अधिकार कशाला लागतो, कागद वाचावे लागतात.

नाईटशिफ्ट:
मी वॉर्डात नर्स आहे, कुठल्या ते विचारू नका. टेम्सकाठचे दादा, तुमची चौऱ्याऐंशीची बाई वाचून जरा राग आला. तुम्हाला वाटतं आम्ही बेडसाठी म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडतो. अहो आठवडाभर पलंगावर पडून राहिलं की त्या वयात पायातला जोर जातो, चालत आलेली बाई व्हीलचेअरवर जाते, वर शेजारच्या बेडचा फ्लू नाहीतर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस लागतो तो वेगळाच. लवकर घरी पाठवणं म्हणजे हेळसांड नाही, बरेचदा उलट आहे. आणि तिकडे अँब्युलन्समध्ये जी आजी चार तास बाहेर थांबलीये ती पण कुणाची तरी आईच आहे.

हां, घरी गेल्यावर केअर पॅकेज, म्हणजे घरी ठरवून दिलेली मदत, वेळेत सुरू होत नाही हे खरं. पण ते कौन्सिलकडचं काम, म्हणजे तुमचे कौन्सिलर प्रश्न आमच्या मॅनेजरला विचारतात आणि उत्तर त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर असतं!! सेफगार्डिंगचे फॉर्म मी पण भरते, पण पुढे काय झालं ते क्वचितच कळतं. विचारायचं असेल तर ते विचारा.

टेम्सकाठचा:
ताई, चूक कबूल. डिस्चार्जला नावं ठेवायची नव्हती, नंतरच्या पोकळीबद्दल बोलायचं होतं. वरच्या मजल्याचं डोक्यात आलं नव्हतं, हे लिहून ठेवतो.

मावशी_नॉर्थवेस्ट:
तुम्ही सगळे हॉस्पिटलचंच धरून बसलात, आपल्या घरांचं काय? मी पस्तीस वर्षं इथे आहे. आईवडिलांना आणायचं, नातवंडं सांभाळून घ्यायची आणि थंडीत पोरं ऑफिसला गेली की हीटिंग बंद, का तर बिल येतं. एका आजींचं बँक कार्ड मुलाकडे, त्यांना देवळात टाकायला पाच पौंड मागून घ्यावे लागायचे. ही लुबाडणूकच की. पण आपल्यात घरातलं बाहेर जाता कामा नये ना.

केअर अॅक्ट 2014 चा सेक्शन 42 सांगतो की माणसाला काळजीची गरज आहे, छळ किंवा हेळसांड होतेय किंवा व्हायचा धोका आहे, आणि त्या गरजेमुळेच त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, एवढं वाटलं तर कौन्सिलला चौकशी करावीच लागते. आणि माणूस तिथला कायमचा रहिवासी असलाच पाहिजे असं नाही, त्या हद्दीत असला की झालं. म्हणजे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली तुमची सासू पण त्यात आली.

चिडका_कोल्हापुरी:
मावशी म्हणजे आता सासूसुनेची भांडणं पण कौन्सिल मिटवणार का? उद्या आईनं रागानं जेवण टाळलं तर सोशल वर्कर दारात. हीटिंगचं म्हणाल तर आमच्या आईला गावाकडची सवय, तीच बंद करतीय, आम्ही काय करायचं? हे लोक एकदा घरात घुसले की व्हिसाबिसाचं काय होईल कुणी सांगावं. घरचं घरात मिटवा राव.

मावशी_नॉर्थवेस्ट:
बाळा, रुसून न जेवणं आणि जेवायला न देणं यातला फरक त्यांना कळतो. पहिलं त्या माणसालाच विचारायचं असतं की तुम्हाला काय व्हायला हवंय. आजी म्हणाल्या फक्त माझं कार्ड परत द्या, तर तिथून सुरुवात. तुझ्या आईचं म्हणशील तर तिला लोकरी पायमोजे दे आणि पासष्टच्या पुढची असेल तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव आहे ना, फ्लूची लस फुकट आहे, ती दिलीस का?

चिडका_कोल्हापुरी:
नाही अजून. बघतो.

हिशेबनीस:
मावशींचं पटलं, पण मग फॉर्म वाढणार, सोशल वर्कर तेवढेच. त्यात बाहेरून केअरर आणायचा व्हिसा जुलै 2025 मध्ये बंद केला. ती चौकशी करणार कोण, कमिटी?

टेम्सकाठचा:
तेच विचारू की, किती चौकश्या किती दिवस पडून आहेत, विंटरमध्ये वाढतात का. आमच्याकडे पब्लिकचा प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो. अजेंडा मीटिंगच्या पाच वर्किंग दिवस आधी जाहीर करावाच लागतो, पण प्रश्न द्यायची मुदत प्रत्येक कौन्सिलची वेगळी, कमिटीच्या क्लार्कला ईमेल टाकून विचारा. मी दोन प्रश्न लिहिलेत. एक, थंडीत डिस्चार्ज झालेल्यांपैकी किती जणांची नावं नव्वद दिवसांत सेफगार्डिंगला आली. दुसरा ताईंचा, फॉर्म भरणाऱ्याला पुढचं कळवतात का.

नवीन_आलोय:
मध्येच विचारतो, मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, पासपोर्ट इंडियन. मला कौन्सिलर विचारतील तरी का?

मावशी_नॉर्थवेस्ट:
का नाही विचारणार? कॉमनवेल्थचा नागरिक आहेस, इथे कायदेशीर राहतोस, कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं तुला. मतदारयादीत नाव घाल आधी.

हिशेबनीस:
तो 90 दिवसांचा आकडा ते देणार नाहीत बघा. दोन डिपार्टमेंट, दोन सॉफ्टवेअर, 'माहिती या स्वरूपात ठेवली जात नाही' असं उत्तर येईल. पैज लावतो, एक पाणीपुरी.

टेम्सकाठचा:
लागली. तसं उत्तर आलं तर ते लेखी मिनिट्समध्ये (मीटिंगच्या नोंदीत) येईल ना, मला तेवढंही चालेल.