शब्दचर्चा: कोरियन मालिकांतल्या 'गोबेक'ला मराठीत काय म्हणायचं?

आईला पडद्यावरची इंग्रजी वाक्यं तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. त्यामुळे आम्ही दोघी कोरियन मालिका बघायला बसलो की मी शेजारून मराठीत सांगत जाते. 'रिप्लाय १९८८'च्या १८व्या भागात मी अडले, आणि तेव्हापासून 'गोबेक', म्हणजे आवडत्या माणसाला आपलं प्रेम सांगणं, हा शब्द डोक्यातून जात नाही. (मालिका पाहायची राहिली असेल त्यांनी पुढचा परिच्छेद वाचू नये, एक महत्त्वाची गोष्ट आधीच कळेल.)

जॉंगह्वानचा शाळेपासून दॉकसनवर जीव आहे. सोलच्या सांगमुन-दोंगमधली एकच गल्ली, एकच घर, वर तो आणि खाली अर्ध्या तळघरात ती, पण इतक्या वर्षांत तो एक अक्षर बोललेला नाही. या भागात मित्रमंडळी खायला बसलेली असताना तो अंगठी काढून तिच्यापुढे ठेवतो आणि बोलायला लागतो. सकाळी तिच्यासाठी दारात थांबायचो, ती अभ्यासिकेतून परत येईपर्यंत झोप लागायची नाही, असं एकेक. मी आईला म्हटलं, "तो तिला विचारतोय." आई म्हणाली, "मग ती उत्तर का देत नाहीये?" तेवढ्यात तो मित्राकडे वळून हसतो, 'झालं ना आता समाधान?' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो, आणि सगळं थट्टेवारी जातं. आई गप्प झाली. मग म्हणाली, "विचारलं कुठे त्याने? बोलून टाकलं नुसतं."

माझं भाषांतर कुठे चुकलं ते त्या वाक्याने कळलं. 'गोबेक' हा चिनी अक्षरांवरून आलेला शब्द. 'गो' म्हणजे कळवणं. 'बेक' म्हणजे पांढरं, आणि उघड सांगणं हाही त्याचा अर्थ. जपानीत हीच दोन अक्षरं 'कोकुहाकु' अशी वाचतात आणि तिथल्या मालिकांतही तो शब्द सारखा कानावर येतो. म्हणजे यात आहे ते सांगणं. प्रश्न नाहीच.

आपल्याकडे बघा. 'कबुली' म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, गुन्ह्याची कबुली. 'मागणी घालणं' म्हटलं की घरची माणसं, बैठक आणि पोहे आले. कॉलेजात 'प्रपोज केलं' म्हणतात, नाहीतर सरळ 'विचारलं'. "विचारलंस का तिला?" "विचारलं." "मग?" हा 'मग?' आपल्या शब्दातच बसलेला आहे. विचारलं की उत्तर आलं पाहिजे, आणि गोष्टीचं सगळं वजन त्या होकारावर जातं. गोबेकचं वजन बोलणाऱ्यावर असतं. जॉंगह्वान त्याच भागात गाडी चालवताना मनाशी जे बोलतो ते याच्याशीच जोडलेलं आहे. प्रत्येक सिग्नल लाल लागला म्हणून उशीर झाला असं त्याला वाटत असतं, आणि मग कळतं की दोष सिग्नलचा नव्हता, आपण वर्षानुवर्षं कचरत राहिलो त्याचा होता.

म्हणून माझी सूचना: गोबेक करणं म्हणजे 'बोलून टाकणं'. यातल्या 'टाकणं'ला मी फार मानते. इतके दिवस वागवलेलं ओझं खाली ठेवल्याचा सुस्कारा त्या एका क्रियापदात आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि या मालिकांतले असेच अडणारे शब्द असतील तर तेही लिहा.

प्रतिसाद: 'मन मोकळं करणं' का नको? जास्त गोड वाटतं.

धागाकर्ती: गोड आहे खरं. पण मन मोकळं आपण मैत्रिणीजवळ करतो, बहिणीजवळ करतो. ज्याच्यामुळे मन भरून आलंय त्याच्याजवळच मोकळं केलं, असं सहसा म्हणत नाही. गोबेकमध्ये समोरचं माणूस तेच असावं लागतं.

प्रतिसाद: ताई, मी दोन वर्षं कोरियन शिकतोय. माझा अडलेला शब्द 'सम'. इंग्रजी 'समथिंग'चा तुकडा तोडून कोरियन तरुणांनी केलेला. २०१४मध्ये याच नावाचं गाणं खूप गाजलं, तेव्हापासून तो सर्वांच्या तोंडी झाला. ओळखीच्या पुढे आणि गोबेकच्या अलीकडे जो काळ असतो, तो 'सम'. क्रियापद 'तादा', बसमध्ये चढायला वापरतात तेच. याला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती: याला शब्द शोधायलाच नको, तो आपल्याकडे आहे! "त्या दोघांचं काहीतरी आहे." समथिंग म्हणजे काहीतरी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच शब्द उचलला, याचा मला फार आनंद झाला. फरक एवढाच की आपलं 'काहीतरी' बाहेरचे बोलतात, कट्ट्यावर, गॅलरीत. कोरियन मुलगी स्वतःबद्दलही सांगते की मी अमुक मुलाबरोबर सम करतेय. आपल्याकडे ती म्हणेल, "छे गं, काही नाहीये." तेव्हा शब्द मिळाला, पण तो कोणाच्या तोंडी आहे ते बदलतं.

मिल्दांगही याच काळातला. ढकलणं आणि ओढणं या दोन क्रियापदांच्या सुरुवातीची अक्षरं जोडून केलेला शब्द. 'आढेवेढे घेणं' एकाच बाजूचं, 'झुलवणं'मध्ये दुष्टपणा येतो. मला पतंगाची भाषा जवळची वाटते: ढील देणं आणि खेचणं. मांजा तुटू द्यायचा नाही, हे त्यात आपोआप येतं.

प्रतिसाद: सम, मिल्दांग ठीक आहे, पण याच्यापायी कथानकाचं काय होतं तेही लिहा. डॉक्टरांची मालिका म्हणून बघायला घ्यावी, तर डॉक्टर प्रेमात पडतात. वकिलांची घ्यावी, तर वकील प्रेमात.

प्रतिसाद (कोरियन शिकणारा): दादा, ही तक्रार कोरियन प्रेक्षकांचीही आहे आणि तिला त्यांनी शब्दही केलाय. रचनेचे चार टप्पे ते 'की-सुंग-जॉन-ग्यॉल' असे सांगतात: आरंभ, विस्तार, वळण, शेवट. मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतलं. त्यातला शेवटचा 'ग्यॉल' काढून तिथे 'यॉने', म्हणजे प्रेमप्रकरण, बसवतात. की-सुंग-जॉन-यॉने! कुठूनही निघा, पोचणार तिथेच.

धागाकर्ती: 'फिरून फिरून भोपळे चौकात' त्याच्या जवळ जातं. तक्रार मला मान्य आहे, अर्धी. प्रेम बाहेरून चिकटवलं की ते कथानकाला जड होतं. पण 'क्रॅश लँडिंग ऑन यू' आठवा. दक्षिण कोरियातून चुकून उत्तरेत येऊन पडलेली सेरी सुगंधी मेणबत्ती मागते आणि तिला लपवणारा उत्तर कोरियाचा लष्करी अधिकारी रि जॉंगह्यॉक साधी आणतो, कारण त्याला ती वस्तूच ठाऊक नाही. पुढे ती अंधार पडल्यावर बाजारात हरवते. गर्दीत तिला काही सुचत नाही, आणि माणसांच्या डोक्यांवर एक हात दिसतो, त्यात पेटलेली मेणबत्ती. या वेळी सुगंधी. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मधली सीमा, पकडलं जाण्याची भीती, एकमेकांच्या रोजच्या वस्तूही माहीत नसणं, सगळं त्या हातात आलं. इथे प्रेम आणि कथानक वेगळं काढून दाखवा बरं. आई तेव्हा काही विचारत नव्हती, मीही सांगायचं थांबवलं होतं.

त्या क्षणी मनाचं जे होतं त्याला कोरियनमध्ये 'सॉल्लेदा' म्हणतात. पाणी उकळताना हलतं त्यालाही हेच क्रियापद आहे. आपल्याकडे आनंदाच्या उकळ्या फुटतात, म्हणजे पातेलं तेच. पण उकळ्या फुटण्यात थोडा लबाड आनंद असतो, आणि हुरहूर म्हटलं की विरहाची सावली पडते. मी 'मोहरणं' घेईन. आंब्याला मोहर येतो तेव्हा फळ धरेलच असं नसतं. 'पोटात फुलपाखरं' मात्र कोणी लिहू नका, ती आपली नाहीत.

प्रतिसाद: खरी गंमत 'माल नोता'मध्ये आहे. शब्दशः 'बोलणं खाली ठेवणं'. आदराची क्रियापदं सोडून जवळच्या भाषेत बोलणं. इंग्रजीत याचं काहीतरी 'आरामात बोलूया' असं करतात आणि प्रसंगच निघून जातो.

धागाकर्ती: अगदी! आणि मराठीला इथे काहीच कष्ट नाहीत. 'अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर येणं'. "मला अगं म्हटलंत तरी चालेल" या वाक्यानंतर आपल्याकडे काय होतं ते सांगायला तळटीप लागत नाही. नायक अचानक एकेरीवर येतो तो प्रसंग मी आईला फक्त 'तुम्ही'चं 'तू' करून सांगते. ती लगेच सरसावून बसते. नवराबायको एकमेकांना 'यॉबो' म्हणतात, तो 'इकडे बघा' या अर्थाच्या बोलण्यातून आला असं सांगतात. आमची आजी आजोबांना जन्मभर "अहो, ऐकलंत का?" म्हणत आली.

'ओप्पा'चं मात्र काही करता येत नाही. मुलीने थोरल्या भावाला म्हणायचा शब्द आणि प्रियकरालाही तोच. मराठीत 'दादा' म्हटलं की राखी आली, प्रेम संपलं. तो आहे तसाच ठेवावा. २०२१मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशानेही तो तसाच घेतला.

प्रतिसाद: आणि 'जॉंग'? 'रिप्लाय १९८८' त्याच्याशिवाय कशी समजायची? पहिल्याच भागात मुलं वाट्या-ताटल्या घेऊन या घरातून त्या घरात पळत असतात, आणि शेवटी प्रत्येक घरात प्रत्येकाचा पदार्थ पोचलेला असतो.

धागाकर्ती: तो प्रसंग बघताना आई म्हणाली, "वाटी रिकामी परत देऊ नये." जॉंगला 'जिव्हाळा' बरोबर आहे, पण पुस्तकी वाटतो. कोरियनमध्ये जॉंग आत शिरतो, म्हणजे हळूहळू, सहवासाने. त्याला 'लळा लागणं' नेमकं बसतं. त्यांच्याकडे जॉंग गळूनही पडतो, तिथे आपण 'मन उतरलं' म्हणतो. पण त्यांच्यात 'गोउन जॉंग'च्या जोडीला 'मिउन जॉंग'ही आहे. ज्याचा राग येतो, ज्याच्याशी रोज भांडण होतं, त्याच्याविषयीही साठत गेलेली माया. दॉकसन आणि तिची थोरली बहीण बोरा केस ओढून भांडतात आणि वेळ आली की एकमेकींसाठी रडतात, ते हे. याला मराठीत एकच शब्द मला अजून सापडलेला नाही. कोकणात, विदर्भात, गोव्यात कोणाच्या घरी असा शब्द बोलला जात असेल तर जरूर सांगा. आईलाही विचारलंय. ती म्हणाली, "भावाबहिणींना वेगळा शब्द कशाला लागतो?" पण मला तो हवा आहे.