मदत हवी आहे : राजाच नव्हता, तर इग्बो मुलखात इंग्रजांनी राज्य कुणामार्फत चालवलं?

नमस्कार मंडळी,

एम.ए. इतिहासच्या सेमिनारला मला इग्बो समाज हा विषय आलाय. आग्नेय नायजेरिया, मुख्यतः नायजर नदीच्या पूर्वेचा मुलूख. वाचन बरंच झालं, पण घोडं एका ठिकाणी अडलंय.

कळलंय ते असं : बहुतेक गावांना राजा नव्हता. ओनित्शाचा ओबी आणि न्रीचा एझे हे अपवाद, त्यातही न्रीच्या एझेचा मान धार्मिक, फौजफाटा नाही. रोजचा कारभार भावकीचा, तिला उमुन्ना म्हणतात. गावाचा प्रश्न असला की सभा. ओझो ही मानाची पदवी, पण ती जन्माने नव्हे, ऐपतीने आणि खर्च करून मिळवायची.

मग १९०१-०२ मध्ये इंग्रजांनी आरोचुक्वू या इग्बो गावावर फौज नेली आणि तिथलं इबिनी उक्पाबीचं कौलाचं देवस्थान उद्ध्वस्त केलं. पुढे गावोगाव कुणाकुणाला वॉरंट म्हणजे नेमणुकीचा कागद देऊन 'चीफ' केलं. १९१४ मध्ये उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एकत्र करणाऱ्या लुगार्डने (हा गृहस्थ जन्माने मद्रासचा!) याच चीफांचं बळ वाढवलं.

अडचणी :
१) सभेचा निर्णय कुणी धुडकावला तर? पोलीस नाही, तुरुंग नाही.
२) पुरुषांवर कर १९२८ पासून होताच. मग १९२९ चा उठाव बायकांनी का केला?
३) मार्गदर्शक म्हणतात, आपल्या संस्थानांशी तुलना करा. करू का?

जाणकारांनी मदत करावी. सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. तुलना करा, पण उलटी. कोल्हापूरची गादी इंग्रज येण्याआधीपासून होती, त्यांनी तिच्यावर रेसिडेंट बसवला. उत्तर नायजेरियातही अमीर, म्हणजे मुस्लिम राजे, होते, त्यामुळे तिथे हे गणित जमलं. इग्बो गावात गादीच नव्हती. वॉरंट अनेकदा अशा माणसाला मिळालं ज्याला गावात काडीची किंमत नव्हती. काल सभेत एक मत असलेला माणूस आज इंग्रजांनी उभारलेल्या नेटिव्ह कोर्टात बसून दंड ठोठावतोय! त्यात कोर्टाचा कारकून आणि निरोप्या. लिहिता-वाचता येणारा बहुधा कारकूनच, म्हणजे खरी किल्ली त्याच्याकडे. लाचखोरीच्या तक्रारी ढिगाने होत्या.

पहिल्याचं उत्तर : धाक होताच, फक्त खाकी कपड्यातला नव्हता. समवयस्कांचे गट दंड वसूल करायचे, पूर्वजांचे मुखवटे घातलेली मंडळी दारात यायची. भावकीतल्या माणसाचा खून हा भूमिदेवी आलाचा अपराध, त्याला गाव सोडावं लागे.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बायकांची स्वतःची यंत्रणा आधीपासून होती : बाजाराच्या सभा, गावात लग्न होऊन आलेल्यांच्या सभा, माहेरवाशिणींची उमुआदा. एखादा पुरुष बायकोला फार मारतो किंवा बाजाराचे नियम मोडतो असं ठरलं की सगळ्याजणी रात्री त्याच्या घरावर जायच्या, त्याची टिंगल करणारी गाणी म्हणायच्या, मुसळांनी भिंती बडवायच्या. माफी मागेपर्यंत उठायच्या नाहीत.

आता १९२९ चा नोव्हेंबर. ओलोको गावात न्वान्येरुवा ही विधवा पामतेल काढत होती. चीफ ओकुगोचा माणूस मोजणीला आला : शेळ्या, मेंढ्या, माणसं किती? पुरुषांची अशीच मोजणी झाली आणि मागोमाग कर आला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, तुझ्या आईची मोजणी झाली का? दोघं एकमेकांच्या गळ्याला भिडले. तिथून ती थेट बायकांच्या सभेत गेली. पामच्या कोवळ्या झावळ्या गावोगाव फिरल्या, तेच आवतण. हजारोजणींनी ओकुगोच्या दारात ठाण मांडलं. त्याची चीफपणाची टोपी गेली, दोन वर्षांची शिक्षाही झाली.

पामतेलाचे भाव पडलेले होते, हे विसरू नका. त्या व्यापारावर बायकांचा संसार चालायचा. पुढे कोर्टांच्या इमारती जाळल्या गेल्या, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पन्नासहून जास्त बायका मेल्या. ओपोबो या गावी सर्वाधिक.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! म्हणजे बायकांनी नवीन काही केलं नाही, जुनीच शिक्षा चीफला लावली, असं मांडू का? आणि शेवट "इंग्रजांनी समतेचा समाज मोडला" असा केला तर?

प्रतिसाद २

पहिलं वाक्य चालेल. फक्त ही शिक्षा एरवी एका माणसाला, एका गावात व्हायची. इथे ती अनेक जिल्ह्यांत, थेट सरकारला झाली, हा फरक लिहा.

शेवटचं वाक्य मात्र काढाच. 'ओसू' म्हणजे देवाला वाहिलेले लोक, त्यांच्याशी कुणी सोयरीक करत नसे. ती प्रथा बंद करणारा कायदा १९५६ मध्ये आला. गुलामही होते. परीक्षक याच मुद्द्यावर धरतील.

प्रतिसाद १

सहमत. त्यापेक्षा उठावानंतर काय झालं ते लिहा. चौकशी आयोग नेमला, बायकांनी त्यापुढे साक्षी दिल्या. सरकारने मानववंशशास्त्रज्ञ पाठवले, म्हणजे हे लोक कसे राहतात हे राज्य करायला लागल्यावर तीस वर्षांनी विचारलं. मग वॉरंट चीफ मोडीत काढून कोर्टात अनेक सभासद बसवले, क्वचित कुठे बायकाही. कर मात्र पुरुषांवर राहिलाच.